बुऱ्हाणशहाचं घर आणि नगरची गादी

इ. स. १५९५ सरत आलं तेव्हा अहमदनगरच्या राज्याला एकाच वेळी चार निजामशहा होते. मियां मंजू या दख्खनी वजिराने अहमद नावाचा मुलगा गादीवर बसवला होता, आणि हा घराण्यातला नव्हेच अशी ओरड लवकरच सुरू झाली होती. इखलासखान हबशाने बाजारातून मोती नावाचं एक पोर उचललं आणि त्याच्या डोक्यावर छत्र धरलं. किल्ल्यात चांदबिबी आपल्या भावाच्या नातवासाठी, तान्ह्या बहादूरसाठी, उभी होती. आणि आहंगखान नावाच्या आणखी एका हबशी सरदाराने विजापूरकडून शाह अली नावाचा सत्तरीचा म्हातारा पुढे आणला. हा पहिल्या बुऱ्हाण निजामशहाचा मुलगा. गादी मागायला तो आला तेव्हा त्याच्या बापाला जाऊन बेचाळीस वर्षं झाली होती.

त्याच वर्षाच्या जानेवारीत इस्तंबूलला तिसरा मेहमद तख्तावर आला आणि त्याने आपल्या एकोणीस भावांचे गळे आवळवले. उस्मानी घराण्यात हा रिवाज होता, त्याला कायद्याचाही आधार होता. तिकडे कोरियात जोसोन राजवटीत दुसरीच तऱ्हा होती: मुख्य बायकोचा मुलगा आणि दुय्यम बायकोचा मुलगा यांच्यात रीतीने आणि कायद्याने भिंत घातलेली, आणि सरदार-घराण्यांतल्या दुय्यम बायकांच्या मुलांना मोठ्या पदांची दारं बंद. नगरला सुरीही नव्हती आणि भिंतही नव्हती. इथे भावांना, पुतण्यांना, चुलत्यांना सह्याद्रीच्या गडांवर बंदीत ठेवत. लोहगड, चावंड, जीवधन, नावं सगळी ट्रेकवाल्यांच्या ओळखीची. अन्न-वस्त्र देत, पहारा ठेवत, जीव सहसा घेत नसत.

निजामशाहीच्या गृहकलहाचा सगळा प्रश्न मला इथे अडकलेला दिसतो. गडावर जिवंत ठेवलेला भाऊ म्हणजे उद्याच्या नाराज सरदारासाठी तयार असलेला राजा. या एका सवयीने हे राज्य पुन्हा पुन्हा फुटलं. पण १६०० साली राजधानी गेल्यावरही ते छत्तीस वर्षं तगलं, तेही याच सवयीमुळे, कारण कुठल्या तरी गडावर, कुठल्या तरी परमुलखात एक निजामशहा सापडायचाच. आणि हे सगळे वारस मोजत मागे गेलं की आपण एका घराच्या दारात येऊन थांबतो. ते घर पहिल्या बुऱ्हाणचं. त्याची कारकीर्द १५१० ते १५५३.

आधी साक्षीदारांबद्दल सांगतो, कारण साक्षीदार नि:पक्षपाती नाहीत. या घराची बहुतेक माहिती दोन फारसी ग्रंथांतून येते. एक सय्यद अली तबातबाचा ‘बुऱ्हाण-ए-मआसिर’. तो दुसऱ्या बुऱ्हाणच्या आश्रयाने लिहिला गेला, तेव्हा धन्याचे पूर्वज त्यात सदैव न्यायी आणि विजयी. दुसरा फिरिश्ता. त्याचं तरुणपण नगरच्या दरबारात गेलं. त्याचे वडील राजपुत्र मीरान हुसेनचे शिक्षक, आणि १५८८ साली त्याच मीरान हुसेनने बापाविरुद्ध उठाव केला तेव्हा पहाऱ्यावर असलेला फिरिश्ता वाचला तो केवळ राजपुत्राने जुना सोबती म्हणून ओळखल्यामुळे. पुढच्याच वर्षी तो विजापूरला गेला आणि तिथे आदिलशहाच्या पदरी बसून त्याने इतिहास लिहिला. म्हणजे नगरच्या जनानखान्यातल्या भांडणांचा मुख्य साक्षीदार हा नगर सोडून भाऊबंदांच्या घरी राहायला गेलेला माणूस. भ. ग. कुंटे यांच्या कष्टाने फिरिश्ता मराठीत आला, त्यामुळे मराठी वाचकाला तो मुळातून तपासता येतो. तो वाचताना घटनांवर विश्वास ठेवावा, हेतूंवर जपून ठेवावा.

आधुनिक लेखकांची आपापली खोड आहे. इंग्रज लेखकांनी निजामशाहीच्या पडझडीचं खापर दारू, नाचगाणं आणि बायका यांच्यावर फोडलं. आपल्या मराठी इतिहासलेखनाला निजामशाही ही शिवकाळाची प्रस्तावना म्हणून लागते. मग मलिक अंबर आणि शहाजीराजे यांना पानंच्या पानं मिळतात आणि बुऱ्हाणशहा दोन परिच्छेदांत उरकतो. राधेश्याम यांचा १९६६ सालचा इंग्रजी ग्रंथ राजकीय घडामोडींचा पक्का आराखडा देतो, पण घरात फारसा शिरत नाही. गेल्या काही दशकांत रिचर्ड ईटन यांच्यासारख्यांनी दख्खनचा इतिहास माणसांच्या चरित्रांतून लिहायला घेतला, तेव्हा कुठे लग्नं, दाया, गुलाम, सासू-सुना यांच्याकडे राजकारण म्हणून पाहणं सुरू झालं.

घराची सुरुवात पाथरीची. आज परभणी जिल्ह्यात असलेलं हे गाव. फिरिश्ता सांगतो की घराण्याचा मूळ पुरुष तिमाभट हा ब्राह्मणाचा मुलगा, विजयनगरवरच्या बहमनी स्वारीत हाती लागला, मुसलमान झाला, मलिक हसन म्हणून वाढला. १४८१ मध्ये महमूद गावानचा वध झाल्यावर तोच बीदरच्या राज्याचा मुख्य कारभारी झाला आणि पुढे १४८६ मध्ये तिथेच मारला गेला. त्याचा मुलगा मलिक अहमद जुन्नरला होता. २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ त्याने बहमनी फौज उधळली आणि १४९४ मध्ये सीना नदीच्या काठी शहर वसवायला घेतलं, तेच अहमदनगर, आजचं अहिल्यानगर. सशाने कुत्र्याचा पाठलाग केल्याची गोष्ट इथेही सांगतात. ती गुजरातच्या अहमदाबादेतही सांगतात, तेव्हा ती फार मनावर घेऊ नये.

पाथरीची ओढ मात्र खरी. आपल्या वाडवडिलांचं कुळकर्णीपण ज्या गावी होतं ते गाव वऱ्हाडच्या इमादशहाकडे आहे, हे या घराला सलत होतं. बदल्यात दुसरा मुलूख देतो, पाथरी द्या, अशी बोलणी झाली. इमादशहाने गाव देण्याऐवजी तिथली तटबंदी बांधायला घेतली. बुऱ्हाणच्या कारकिर्दीत १५१८ मध्ये पाथरी घेतली, ती निसटली, पुन्हा घेतली आणि तिथल्या आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिली. दोन पिढ्यांपूर्वी धर्म बदललेल्या घराने जुन्या नात्यासाठी दोनदा फौज काढावी, याला निव्वळ सरहद्दीचं राजकारण म्हणून मोकळं होता येत नाही. आपण कोणाचे, हा प्रश्न बुऱ्हाणच्या घरात पहिल्यापासून जागा होता.

मलिक अहमद वारला तेव्हा बुऱ्हाण सात वर्षांचा. (त्या मृत्यूचं साल काही ठिकाणी १५०८, काही ठिकाणी १५१० दिलेलं आढळेल.) कारभार मुकम्मलखान दख्खनीच्या हाती, फौज त्याच्या मुलाच्या. सरदारांना हे बापलेक नकोसे झाले, तेव्हा त्यांनी बुऱ्हाणच्या धाकट्या भावाला, राजाजीला, पुढे करायचं ठरवलं. बेत तडीस न्यायला बिबी आयेशा नावाची दाई मिळाली. तिने राजाजीला मुलीचे कपडे घातले आणि किल्ल्यातून गावात नेलं. बिंग फुटलं, पोर परत आणलं गेलं आणि सरदार वऱ्हाडात पळाले. निजामशाहीत वारस पळवण्याचा हा पहिला प्रयोग. पुढे दाईची जागा वजिरांनी घेतली, रीत तीच राहिली. बुऱ्हाण पोरगा मात्र हुशार होता. राजनीतीवरच्या एका ग्रंथाची त्याने लहानपणी स्वहस्ते केलेली नक्कल राजाच्या ग्रंथसंग्रहात आपण पाहिली, असं फिरिश्ता नोंदवतो.

वयात आल्यावर बुऱ्हाणचं मन आमिनावर बसलं. आमिना नाचणारी होती. बादशहांच्या आयुष्यात नाचणाऱ्या येतात आणि जातात, ही आली ती पट्टराणी झाली आणि तिच्याच पोटी पुढचा राजा जन्मला. इतिहासकारांनी तिच्यावर बरीच शाई सांडली आहे, दारूचा नादही तिच्याच माथी मारला आहे. मला त्यात महत्त्वाचं हे वाटतं की आमिनाच्या मागे माहेर नव्हतं. ना फौज, ना किल्ला, ना परगणा. तिच्या मुलांना जो काही आधार होता तो बापाच्या मर्जीचा.

मरियमचं अगदी उलट होतं. विजापूरच्या युसुफ आदिलशहाची ही मुलगी, इस्माईल आदिलशहाची बहीण. १५२४ मध्ये सोलापूरला दोन्ही सुलतानांची भेट झाली आणि तिथेच तिचं बुऱ्हाणशी लग्न लागलं. लग्न जमवताना सोलापूरचा किल्ला आणि त्याखालचे साडेपाच परगणे हुंड्यात द्यायचे, असं आदिलशहाच्या वतीने असदखान लारीने कबूल केलं होतं, असं नगरकरांचं म्हणणं. लग्नाचं वऱ्हाड परतलं, मागणी गेली, आणि इस्माईलने कानावर हात ठेवले: कोणी काय बोललं असेल ते मला ठाऊक नाही. त्यातच मरियमने भावाला कळवलं की या घरात नाचणारी माझ्या वरचढ बसते आणि माझा मान राहत नाही. इस्माईलने त्याचा जाब नगरच्या वकिलाला विचारला. मग १५२५ मध्ये बुऱ्हाण वऱ्हाड आणि बीदरची कुमक घेऊन सोलापूरवर चालून गेला आणि मार खाऊन परत आला.

हुंडा बुडाला म्हणून लढाई झाली, हे वाचून हसू येईल. पण सोलापूर हा भीमेच्या खोऱ्यातला सरहद्दीचा किल्ला होता, लग्न झालं नसतं तरी त्याच्यासाठी दोन्ही घरं भांडलीच असती. लग्नाने एवढंच केलं की भांडणाला नात्याची धार आली आणि ते मुलांच्या नशिबी गेलं. मरियमच्या पोटी शाह अली जन्मला. आजोळ विजापूर, हुंड्याचा वाद अंगावर घेऊन आलेला. आरंभी भेटलेला सत्तरीचा म्हातारा तो हाच.

आमिनाला दोन मुलं, हुसेन आणि अब्दुल कादर. बापाचा जीव अब्दुल कादरवर. या धाकट्याच्या आजारपणाची एक गोष्ट फिरिश्ता मोठ्या चवीने सांगतो आणि तिच्यामुळे राज्याचा धर्मपंथ बदलला असं म्हणतो. ती सांगण्याआधी शाह ताहिरची ओळख हवी. इराणातला हा विद्वान, सफवी शहाची नजर फिरल्यामुळे जीव घेऊन पळालेला, समुद्रमार्गे दख्खनला आला आणि परांड्याला थांबला होता. तिथून १५२२ च्या सुमारास बुऱ्हाणने त्याला नगरला बोलावलं. किल्ल्यात त्याची प्रवचनं होत, राजा स्वतः येऊन बसे. विजापूर, गुजरात, सगळीकडची नाजूक बोलणी शाह ताहिर करी. मरियमच्या लग्नातही त्याचाच हात होता. हा नुसता शिया विद्वान नसून निजारी इस्माइली पंथातल्या एका शाखेचा इमाम होता, हे फरहाद दफ्तरी यांच्या अभ्यासाने आता सर्वमान्य झालं आहे. ज्या माणसाने आपली खरी ओळख पदराआड ठेवून एका राजाला बारा इमामांच्या पंथात आणलं, तो फिरिश्ताला वाटला त्याहून बराच गुंतागुंतीचा होता.

तर गोष्ट अशी. अब्दुल कादरला ताप भरला, हकीम हरले. मुलासाठी मी देवळांतही दान द्यायला तयार आहे, असं बुऱ्हाण म्हणाला. शाह ताहिरने संधी पाहून बारा इमामांच्या नावे नवस करायला सांगितलं. त्या रात्री तापाने तळमळणारा मुलगा अंगावरचं पांघरूण सारखं भिरकावत होता. बुऱ्हाण म्हणाला, असू द्या, थोडा वेळच उरलाय, त्याला गार वारा लागू द्या. पलंगाच्या कडेला डोकं टेकून त्याचा डोळा लागला. स्वप्नात पैगंबर आणि इमाम दिसले. जागा झाला तर पांघरूण मुलाच्या अंगावर नीट घातलेलं. ते कोणी घातलं हे तिथे बसलेल्या आईला आणि दाईला माहीत नव्हतं. ताप उतरला होता. १५३७ मध्ये बुऱ्हाणने शिया पंथ जाहीर केला. शहरात दंगा उसळला, पीर मुहम्मद या मौलवीच्या मागे लोक जमले आणि किल्ल्याला वेढा पडला. तो मोडला, पीर मुहम्मद कैदेत गेला.

चमत्कार ज्याला मानायचा त्याने मानावा. राजकारण उघड आहे. त्या सुमाराला गुजरातचा बहादूरशहा मेला होता, ज्याच्यापुढे १५३० नंतर बुऱ्हाणला बरंच नमतं घ्यावं लागलं होतं. इराणच्या शहाची मैत्री मोलाची होती आणि नगरच्या दरबारात परदेशी सरदारांचं वजन वाढत होतं. दुसऱ्या बाजूने याच बुऱ्हाणने पेशवेपद दिलं होतं ते एका ब्राह्मणाला. फारसी ग्रंथांत तो कावरसेन आहे, मराठी पुस्तकांत कान्हो नरसी. इराणी इमाम, ब्राह्मण पेशवा, दख्खनी आणि हबशी सेनानी, असा हा दरबार. बुऱ्हाण हयात होता तोवर त्याने या सगळ्यांना एकमेकांविरुद्ध तोलून धरलं. मुलांच्या बाबतीत मात्र त्याने काहीच ठरवून ठेवलं नाही, आणि माझ्या मते हा त्याचा सर्वांत महागात पडलेला आळस.

१५५३ मध्ये, विजापूरवरच्या स्वारीतून आजारी परतून, बुऱ्हाण वारला. आधी बाग रौजात बापाशेजारी ठेवलेला त्याचा देह पुढे करबलेला पाठवला, असं सांगतात. मागे सहा मुलगे राहिले. हुसेनच्या बाजूला परदेशी आणि हबशी सरदार, अब्दुल कादरच्या बाजूला दख्खनी मुसलमान आणि हिंदू. एका आईच्या पोटची दोन मुलं, आणि दरबाराची सगळी फाळणी त्यांच्यामधून गेलेली. हुसेन जिंकला. ज्याच्या तापाने राज्याचा पंथ बदलला तो अब्दुल कादर वऱ्हाडात इमादशहाच्या आश्रयाला गेला आणि तिथेच संपला. शाह हैदर हा आणखी एक भाऊ परांड्याच्या ख्वाजा जहानचा जावई. त्याला सासऱ्याचा आधार. शाह अली आजोळी विजापूरला. इब्राहिम आदिलशहाने त्याला गादीवर बसवायच्या निमित्ताने स्वारीही काढली, ती फसली. शाह अली विजापूरकडेच राहिला आणि पुढची चाळीस वर्षं इतिहास त्याला विसरला.

हुसेनने वाडवडिलांच्या भुईकोटाला दगडी तट घातला. आजचा नगरचा किल्ला, ज्याच्या आत १९४२ ते ४५ पंडित नेहरू कैदेत होते, तो त्याचाच. विजापूरशी त्याने केलं ते आपल्या गावाकडच्या भाषेत साटंलोटं. मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली, अलीची बहीण हदिया सुलताना मुलाला, मुर्तजाला, केली. दुसरी मुलगी गोवळकोंड्याच्या इब्राहिम कुतुबशहाला. आणि चांदबिबीबरोबर हुंड्यात काय दिलं? सोलापूर. मरियमबरोबर जो किल्ला नगरला यायचा होता, जो बुऱ्हाणने शेवटी विजयनगरच्या रामरायाच्या मदतीने मिळवला होता, तो नातीबरोबर विजापूरला गेला. या सोयरिकींच्या पायावर दख्खनची एकजूट झाली आणि २३ जानेवारी १५६५ रोजी तालिकोटची लढाई झाली. मधल्या फळीत हुसेन होता. रामरायाला धरणारा गुलाम अली नावाचा हत्ती, त्याचीही कबर नगरकर बाग रौजात दाखवतात. त्याच वर्षी हुसेन वारला.

त्याच्या राणीबद्दल, खुंजा हुमायूनबद्दल, आपल्याकडे एक विलक्षण पुरावा आहे आणि तो पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाची एक फारसी काव्याची हस्तलिखित प्रत आहे. आफताबी नावाच्या कवीचं हे काव्य हुसेनच्या तालिकोटच्या विजयाचं, पण त्यातली बरीच जागा राणीने व्यापलेली. आतल्या चित्रांत राजा आणि राणी तख्तावर एकत्र बसलेले काढले होते. नीट पाहिलं की राजाच्या शेजारची जागा विचित्र दिसते. तिथे रंगाचा डाग आहे, घासलेला, थापलेला. राणीची आकृती नंतर कोणीतरी झाकून टाकली आहे. एका चित्रात सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलल्याचा संस्कृत काव्यातला संकेतही आहे, म्हणजे चित्रकार दख्खनच्या मातीतला. हुसेननंतर अल्पवयीन मुर्तजाच्या नावाने तीन-चार वर्षं याच बाईने राज्य चालवलं, आपल्या भावांना जहागिऱ्या दिल्या, सरदार दुखावले, आणि १५६९ मध्ये मुलानेच तिला कैद केलं. चित्रं त्यानंतर पुसली असावीत असा अभ्यासकांचा तर्क आहे, आणि तो पटण्यासारखा आहे. फिरिश्ताच्या पानांपेक्षा तो डाग मला अधिक बोलका वाटतो.

मुर्तजाने १५७४ मध्ये वऱ्हाड जिंकलं आणि मग राज्याकडे पाठच फिरवली. लोक त्याला दिवाणा म्हणत. फराहबागेच्या महालात तो एकटा राही, कारभार सलाबतखान पाही. सलाबतखानाने इतकी मोठी कबर बांधून घेतली की सगळं नगर आज तिला चांदबिबीचा महाल म्हणतं. वजीर बिचारा स्वतःच्या थडग्यात पोरका. मुर्तजाला मुलाचा संशय येऊ लागला आणि त्याने मीरान हुसेनच्या बिछान्याला आग लावली. पोरगा वाचला. १५८८ मध्ये त्याने बापाला हमामात कोंडून वाफेने मारलं. वर्षाच्या आत तो स्वतःही मेला. नगरच्या घराण्यात बापलेकांनी एकमेकांवर उठण्याचा हा प्रसंग एवढा भीषण आहे की लेखक त्यावरच थांबतात. पण राज्याच्या दृष्टीने खरी गोष्ट त्याच्या पाठोपाठ घडली. मीरानच्या वजिराने लोहगडावर माणसं पाठवली.

लोहगडावर मुर्तजाचा भाऊ बुऱ्हाण एके काळी बंदीत होता. तो निसटला, उठाव फसला आणि तो थेट अकबराच्या दरबारी गेला. त्याची मुलं, इब्राहिम आणि इस्माईल, गडावरच राहिली. थोरला इब्राहिम हबशी आईचा, काळासावळा, म्हणून त्याला डावलून धाकटा इस्माईल खाली आणला आणि तख्तावर बसवला. बाप मोगलांकडे, थोरला भाऊ बंदीत, धाकटा राजा. १५९१ मध्ये बाप रोहणखेडच्या लढाईत मुलाची फौज मोडून स्वतः दुसरा बुऱ्हाण निजामशहा झाला. १५९५ मध्ये तो वारला. डावललेला इब्राहिम गादीवर आला आणि चार महिन्यांत विजापूरकरांशी लढताना पडला. त्याचा तान्हा मुलगा बहादूर चावंडवर पोचता झाला. मग आरंभी सांगितलेले चार निजामशहा.

याच गोंधळात मोगलांनी नगरला घातलेल्या आणि चांदबिबीने तोंड दिलेल्या वेढ्याबद्दल शाळेच्या पुस्तकांपासून नाटकांपर्यंत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. खिंडार पडल्यावर बुरखा घेऊन, तलवार उपसून ती तटावर उभी राहिली, रात्रीत भिंत उभारली, हे सगळ्यांना पाठ आहे. कमी सांगितलं जातं ते तिचं नात्यांमधलं स्थान. ती नगरची लेक, विजापूरची विधवा सुलताना, तिथल्या बाल-राजाची सांभाळकर्ती. आत्या, बहीण, मामी, काकी अशा सगळ्या नात्यांनी ती दख्खनच्या सुलतानांना ओळखत होती, आणि वेढा पडल्यावर विजापूर-गोवळकोंड्याकडून कुमक निघाली ती या नात्यांवर. साटंलोटं करणाऱ्या हुसेनला हे सुचलंही नसेल. १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांकडे गेलं, गादीवर बहादूर राहिला. १६०० मध्ये मोगलांशी बोलणी करते या संशयाने किल्ल्यातल्याच लोकांनी तिला मारलं. ऑगस्टमध्ये किल्ला पडला आणि बहादूर ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी म्हणून गेला. आमिनाची शाखा संपली.

आणि इथे मरियमची शाखा कामाला आली. शाह अलीचा मुलगा मुर्तजा विजापूरकडे होता. मलिक अंबर या हबशी सेनानीने त्याला शोधून काढलं, आपली मुलगी त्याला दिली आणि परांड्याला दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून छत्र धरलं. हुंड्याच्या वादातून जन्मलेली, चाळीस वर्षं अडगळीत पडलेली शाखा आता राज्याचं एकमेव भांडवल होती. १६१० मध्ये हा मुर्तजा मेला. त्याची कथा डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूकने लिहून ठेवली आहे: मुर्तजाच्या इराणी बायकोने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं, मुलीने बापाला सांगितलं, आणि अंबरने राजा-राणी दोघांना विष घालवलं. ऐकीव कथा आहे. पण मरियमने भावाला पाठवलेली तक्रार आठवली की मात्र चमकायला होतं. सवतीचा अपमान, माहेरी निरोप, आणि माहेरचा माणूस शस्त्र हाती घेऊन उभा. मागे उरला पाच वर्षांचा मुलगा, त्याला तिसरा बुऱ्हाण करण्यात आलं. निजामशहांच्या याद्या इथून पुढे पुस्तकागणिक बदलतात, वाचकाने दचकू नये.

अंबर १६२६ मध्ये गेला. १६२९ मध्ये देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, भर दरबारात लखुजी जाधवराव मुलांसकट मारले गेले आणि दख्खनच्या मराठा घराण्यांचा या घरावरचा भरवसा उडाला. अंबरचा मुलगा फतेखान याने धन्याला मारून दहा-एक वर्षांच्या तिसऱ्या हुसेनला गादीवर बसवलं. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांना मिळालं आणि हुसेनही ग्वाल्हेरला गेला. राजधानी नाही, खजिना नाही. पण जीवधनावर घराण्यातला एक मुलगा बंदीत होता. शहाजीराजे भोसल्यांनी त्याला तिथून काढलं आणि संगमनेरजवळच्या पेमगिरीवर आणून तिसरा मुर्तजा म्हणून त्याचा राज्याभिषेक केला. पेमगिरी आज लोकांना खालच्या अवाढव्य वडासाठी ठाऊक आहे. गडावर चढलं की दोन-चार टाकी आणि पेमादेवीचं देऊळ. राजाला मांडीवर घेऊन शहाजीराजे तख्तावर बसले, अशी आठवण मराठी परंपरेत आहे. तसं झालं असो वा नसो, मुलगा कोणाच्या तरी मांडीवर बसल्याशिवाय या राज्यात राजा होतच नव्हता.

तीन वर्षं त्या मुलाच्या नावाने शहाजीराजांनी पुण्यापासून कोकणापर्यंतचा मुलूख राखला. १६३६ मध्ये शाहजहान आणि आदिलशहा एक झाले, माहुलीला वेढा पडला आणि मुलगा मोगलांच्या स्वाधीन करावा लागला. त्यालाही ग्वाल्हेरला धाडलं. शाहजहानचा बखरकार अब्दुल हमीद लाहोरी मुद्दाम नोंद करतो की तिथे आधीपासून दोन निजामशहा होते, एक अकबराच्या वेळी अहमदनगर घेतलं तेव्हाचा आणि दुसरा दौलताबादचा. आता तीन झाले. शहाजीराजे आदिलशाहीत गेले, मरियमच्या माहेरी.